यंत्र हाकते, जबाबदार कोण?

आमचा पुतण्या मेलबोर्नला स्थायिक आहे. मागील खेपेस त्याच्या मोटारीत बसलो असता मोटार आपोआप वळणे घेत होती, पण पुतण्याचे हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर. "यंत्र हाकते, मग तू का तिष्ठतोस?" असे विचारताच तो म्हणाला, "काका, दंड मोटारीला होत नाही."

ऑस्ट्रेलियाच्या रस्तानियमांत २९७ वा नियम आहे. वाहनावर योग्य ताबा असल्याखेरीज चालकाने ते चालवू नये, असा त्याचा आशय. वाहनाच्या बनावटीस मान्यता मध्यवर्ती सरकार २०१८ च्या कायद्यान्वये देते, तर चालकाचे नियम राज्याराज्यांचे. सप्टेंबर २०२५ मध्ये टेस्ला कंपनीने तेथे 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' ही सोय आणली व नावापुढे कंसात 'सुपरवाइज्ड', म्हणजे देखरेखीखालील, असे जोडले. पोत्यावर ठळक अक्षरांत 'आंबेमोहोर' आणि शिलाईपाशी बारीक अक्षरांत 'मिश्र' छापणारा व्यापारी आपल्या पेठेत किती दिवस टिकेल?

कायदा प्रगतीच्या आड येतो, अशी ओरड होते. ती आम्हांस मान्य नाही. संकटसमयी आपोआप लागणारा ब्रेक त्याच सरकारने मार्च २०२५ पासून सर्व नव्या हलक्या मोटारींस सक्तीचा केला. पिलबारातील लोहखाणींत चालकाविना अजस्र ट्रक कित्येक वर्षे धावत आहेत. पण तेथे जागा बंदिस्त आणि मालक एक. सार्वजनिक रस्त्यावर कांगारूही येतो. त्याच्या उड्यांमुळे अंतराचा अंदाज चुकतो, असे २०१७ साली व्होल्व्हो कंपनीच्याच माणसांनी सांगितले होते. उडी हवेत असता प्राणी यंत्रास दूर भासे आणि जमिनीवर टेकता जवळ!

तथापि सारा भार चालकावरच टाकणे आम्हांस पुरते न्याय्य वाटत नाही. रात्रभर काही न घडता गोदाम राखणाऱ्या माणसाचा डोळा पहाटे लागतो, हे आपण सर्व जाणतो. यंत्राकडे नुसते पाहत बसणाऱ्याचे तसेच होणार. म्हणून तेथील परिवहनमंत्र्यांनी २०२२ साली मान्य केलेली आखणी आम्हांस अधिक पटते. जी मोटार खरोखरच स्वतः चालेल, तिच्या यंत्रणेच्या सुरक्षिततेची जबाबदारी, यंत्रणा वापरात असेपर्यंत, एका कंपनीने उचलावी. ती कंपनी ऑस्ट्रेलियात हजर असावी व तिची आर्थिक कुवत तपासलेली असावी. आपल्या भाषेत सांगावयाचे तर हुंडीवर सही कोणाची आणि त्याची पत काय, हे आधी पाहावे. तागडीवर सरकारी शिक्का असला तरी मापात खोट निघाल्यास पेढीचा मालक सुटतो काय?

परतताना पुतण्याने यंत्र बंद करून मोटार स्वतः हाकली. आम्हांस मात्र निर्धास्त झोप लागली.