कच्च्या कृत्रिम खड्याला रसायन म्हणू नका

"कच्चा सिंथेटिक माल आहे, ॲल्युमिनाचा गोळा. कोड कुठलाही टाका, काय बिघडतं?" रत्नांच्या आयात-निर्यातीत हा युक्तिवाद फार सहज केला जातो. पैलू पाडून चमकू लागलेला खडा आला की सगळे सावध होतात. कच्च्या मालाच्या पुडक्याकडे मात्र कोणी गांभीर्याने पाहत नाही. माझे म्हणणे नेमके उलट आहे. तयार खड्यापेक्षा कच्च्या कृत्रिम खड्याचे वर्गीकरण जास्त काटेकोर हवे, कारण नुसत्या नजरेला तो काहीच सांगत नाही.

कृत्रिम माणिक कसे बनते ते आधी पाहू. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओग्युस्त व्हर्नॉय याने १९०२ मध्ये जाहीर केलेली पद्धत आजही चालते. ॲल्युमिनाची अतिशय बारीक पूड, रंगासाठी किंचित क्रोमियम ऑक्साइड घालून, ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडतात. दोन हजार अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेत ती वितळते आणि खाली फिरणाऱ्या दांडीवर थेंबाथेंबाने साचत स्फटिक वाढतो. काही तासांत पेराच्या आकाराचा, बाहेरून ओबडधोबड, काळपट लाल स्फटिक तयार होतो. त्याला बूल म्हणतात. आत ताण इतका असतो की तो बहुधा उभा चिरूनच पुढे पाठवतात. असा चिरलेला तुकडा पाहून कोणी त्याला रत्न म्हणणार नाही, आणि वादाला सुरुवात इथेच होते.

पहिला पूर्वपक्ष असा: हा ॲल्युमिनियम ऑक्साइड आहे, तेव्हा तो सीमाशुल्काच्या सुसंवादी वर्गीकरणात रसायनांच्या २८व्या प्रकरणात गेला पाहिजे. कृत्रिम कोरंडमला तिथे २८१८.१० हे उपशीर्षक आहेच. वरवर पाहता हे पटते. पण त्याच प्रकरणाची तिसरी टीप वाचा. नैसर्गिक, कृत्रिम किंवा पुनर्रचित मौल्यवान आणि अर्धमौल्यवान खडे या प्रकरणात येत नाहीत, असे ती स्पष्ट सांगते आणि त्यांना ७१व्या प्रकरणाकडे पाठवते. घासकामाच्या दाण्यासाठी बनवलेला कोरंडम २८१८ मध्ये आणि माणकाचा बूल ७१०४ मध्ये, हे अंतर रासायनिक सूत्राने पडत नाही. वर्गीकरणाचा पहिला सर्वसाधारण नियमही हेच सांगतो: आधी शीर्षकाचे शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा, बाकी सगळे नंतर. ज्याला फक्त सूत्र दिसते, त्याने टीप वाचलेलीच नाही.

दुसरा पूर्वपक्ष बरोबर विरुद्ध टोकाचा. प्रयोगशाळेतल्या माणकाची रचना, कठीणपणा, वक्रीभवनांक सगळे खाणीतल्या माणकासारखेच असते, मग त्याला ७१०३ का नको? कारण जगभर मान्य असलेल्या या सुसंवादी वर्गीकरणात उगमाला स्वतंत्र स्थान आहे. ७१०२ आणि ७१०३ निसर्गातल्या खड्यांसाठी, ७१०४ माणसाने घडवलेल्यांसाठी. गुणधर्म सारखे असूनही शीर्षक वेगळे, हा नियमांचा ठरवून घेतलेला निर्णय आहे. कच्च्या मालात हा फरक ओळखता येत नाही, ही तक्रारही टिकत नाही. एक बाजू थोडी घासून भिंगाखाली धरली, तर व्हर्नॉय माणकात वक्र वाढरेषा आणि वायूचे बुडबुडे दिसू शकतात. खाणीतल्या माणकात वाढरेषा सरळ, कोनात वळलेल्या असतात.

मग राहतात ते ज्यांना निसर्गात तोलामोलाचा जोडीदारच नाही. क्युबिक झिर्कोनिया, बाजारातला आपला 'अमेरिकन डायमंड', हा हिरा नाही. निसर्गातल्या कुठल्या रत्नाची रासायनिक प्रतिकृतीही नाही, मग तो ७१०४ मध्ये कसा, असा प्रश्न येतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. रंग, झळाळी, टिकाऊपणा आणि कठीणपणा यांमुळे सोनार खऱ्या खड्याच्या जागी जे कृत्रिम खडे वापरतात, तेही कृत्रिम रत्नच. उदाहरण म्हणून झिर्कोनियाचे नावच तिथे दिले आहे. मोइसॅनाइटला, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकालाही मी हीच कसोटी लावतो. सिलिकॉन कार्बाइडचा घासदाणा २८४९.२० मध्ये जातो म्हणून दागिन्यासाठी वाढवलेला स्फटिक तिथे ढकलता येत नाही. काचेची नक्कल मात्र ७०१८ मध्येच. आणि 'अमेरिकन डायमंड' हे नाव बिलावर वाचून कोणी हिऱ्याचा कोड टाकला, तर पाण्यात वजन करून घनता काढली तरी चूक उघडी पडते: झिर्कोनियाची घनता ५.६ ते ६, हिऱ्याची ३.५२.

"कोड बदलून फरक काय पडतो" या मूळ मुद्द्याला उत्तर देण्यासाठी कच्चा हिराच घ्यावा लागतो. १ जानेवारी २००३ पासून लागू झालेल्या किंबर्ली व्यवस्थेत नैसर्गिक कच्च्या हिऱ्याबरोबर प्रमाणपत्र लागते. प्रयोगशाळेतला हिरा त्या व्यवस्थेबाहेर आहे. म्हणजे नैसर्गिक कच्चा माल 'सिंथेटिक' म्हणून पाठवला की संघर्षग्रस्त भागातला हिरा प्रमाणपत्राविना सीमा ओलांडू शकतो. हा एकच धोका त्या बेफिकीर वाक्याला पुरेसे उत्तर आहे. २०२२ पर्यंत सहा अंकी पातळीवर कृत्रिम हिरा आणि कृत्रिम माणिक एकाच कोडमध्ये होते. मग ७१०४.२१ मध्ये कच्चे कृत्रिम हिरे आणि ७१०४.२९ मध्ये बाकीचे कच्चे कृत्रिम खडे, अशी फोड झाली. २०२३च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांच्या 'बियां'वरचे पाच टक्के शुल्क शून्य केले गेले. असे धोरण आखायचे तर माल कागदावर वेगळा दिसायला हवा.

व्यापाऱ्यालाही हा प्रश्न जवळचा आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ खाली मूल्यांकन आयातदार स्वतः करतो. चूक निघाली तर कलम २८ खाली दोन वर्षांपर्यंतची वसुली होऊ शकते आणि जाणूनबुजून दडवल्याचे ठरले तर पाच वर्षांपर्यंत. "कुठलाही कोड टाका" म्हणणारा त्या वेळी सोबत उभा राहत नाही.

माझ्या मते वर्गीकरण तीन प्रश्नांनी आणि याच क्रमाने व्हावे: पदार्थ कोणता, तो खाणीतला की भट्टीतला, आणि त्याच्यावर काम किती झाले. तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. चिरलेला, फोडलेला, तात्पुरता आकार दिलेला, म्हणजे पुढे आणखी काम होणार हे उघड दिसणारा खडा कच्च्याच गटात राहतो. एकदा पैलू पाडून झिलई दिली की तो ७१०४.९१ किंवा ७१०४.९९ मध्ये गेला. भाव आणि दुकानातले नाव यांना या क्रमात कुठेच जागा नाही.

१ डिसेंबर २०२४ पासून भारतात कृत्रिम हिऱ्यांच्या आयात-निर्यात घोषणेत हिरा सीव्हीडी (वायूतून थर साचवून), एचपीएचटी (उच्च दाब-तापमानात) की अन्य रीतीने बनला हे सांगणे सक्तीचे झाले आहे. ही सक्ती हिऱ्यापाशी थांबू नये. माणिक, नीलम, झिर्कोनिया, मोइसॅनाइट यांनाही ती लागू करावी. जयपूर, तिरुचिरापल्ली किंवा मुंबईतल्या छोट्या कारखानदाराला याचा भार पडेल, असा आक्षेप येईल. पण बूल कुठल्या पद्धतीने बनला हे पुरवठादाराला ठाऊक असतेच. एक ओळ जास्त लिहायला तो नाही म्हणणार नाही.

आयातदारांना माझे सांगणे एवढेच आहे. माल निघण्याआधी इनव्हॉइसवर अशी ओळ लिहून घ्या: कृत्रिम कोरंडम, लाल, ज्योतवितळण पद्धत, उभा चिरलेला, पैलू न पाडलेला. तरीही शंका राहिली तर मुंबई किंवा दिल्लीच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा. कायद्याने निर्णय तीन महिन्यांत मिळायला हवा, आणि कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो ठरावीक मुदतीपर्यंत चालतो.