राउटरच्या खोक्यावर एक्स्पायरी डेट का नाही?

खोकल्याच्या औषधावर तारीख असते. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर असते. पण घरातलं यूपीआय, पोरांचा अभ्यास, आईची व्हिडिओ कॉलवरची ख्यालीखुशाली ज्या डबड्यातून जाते, त्या राउटरच्या खोक्यावर 'याला सिक्युरिटी अपडेट अमुक सालापर्यंत मिळतील' अशी एक ओळ मी तरी अजून वाचलेली नाही. तुम्ही वाचली असेल तर फोटो टाका.

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतला प्रोग्रॅम. त्यात भोकं सापडत राहतात, कंपनी ती बुजवत राहते. काही वर्षांनी कंपनी बुजवणं थांबवते आणि तुम्हाला कळवतही नाही. नेट चालू असतं, हिरवे दिवे लुकलुकत असतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं झकास!

'आपल्या घरात काय चोरणार?' असं म्हणू नका. चोराला तुमचं घर नको, तुमचा पत्ता हवाय. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्या फौजेच्या हल्ल्यात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टरने ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं पोखरली. मे २०२५ मध्ये एफबीआयने सांगितलं, अपडेट बंद झालेले राउटर बदला, कारण गुन्हेगार ते आडोसा म्हणून वापरतात. उद्या तुमच्या राउटरआडून कुणी फसवणूक केली, तर आयपी पत्त्यावरून पोलीस आधी तुमच्याच दारात येणार.

आता उपाय. राउटर उलटा करा, मॉडेल नंबर आणि त्यापुढचं व्ही १, व्ही २ हे व्हर्जन नीट वाचा. फाइल फक्त कंपनीच्या साइटवरूनच घ्या, त्याच व्हर्जनची आणि भारतासाठीचीच. चुकीची फाइल टाकली की राउटरची वीट होते. आधी सेटिंगचा बॅकअप घ्या. वायफायवरून नको, लॅन केबल जोडून करा. आणि लाईट! अपडेट अर्धं झालं असताना लाईट गेली तर राउटर मेलाच समजा. इन्व्हर्टरवर जोडा, दिवे थांबेपर्यंत हात लावू नका. नंतर अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट आणि डब्ल्यूपीएस बंद करा. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलसमोर 'एंड ऑफ लाइफ' लिहिलं असेल तर नवा राउटर घ्या.

झालं? नाही. कारण तालुक्याच्या गावात राउटर केबलवाल्याने लावलेला असतो आणि अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच्याच खिशात. मागितला तर उत्तर ठरलेलं, 'साहेब, नेट चालतंय ना? मग कशाला हात लावताय?' म्हणजे कुलूप त्याचं, किल्ली त्याची आणि चोरी झाली की जबाबदारी आपली! वर 'ग्राहकांनी सजग राहावे' हा उपदेश आहेच.

हे असंच चालतं, हेही खोटं आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू झाला: सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड चालणार नाही आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार ते कंपनीने जाहीर करायचं. आपण काय ब्रिटनपेक्षा कमी राउटर वापरतो?

मागण्या तीनच. एक, खोक्यावर अपडेटची शेवटची तारीख मोठ्या अक्षरात, मराठीतही. दोन, केबलवाल्याने दिलेला राउटर अपडेट करणं ही त्याचीच जबाबदारी, नाहीतर त्याने पासवर्ड द्यावा. तीन, मुदत संपली की ग्राहकाला मेसेज. रिचार्ज संपण्याच्या चार दिवस आधी मेसेज पाठवता येतो, तर हा का नाही?

आज संध्याकाळी राउटर उलटा करा, नंबर लिहून घ्या आणि केबलवाल्याला एकच विचारा: याचं शेवटचं अपडेट कधी झालं? तो काय म्हणाला ते खाली लिहा. मी सगळी उत्तरं गोळा करतोय, बातमी करणार आहे.