गाडी वस्तीबाहेर, चालक घरी

जव्हार आणि मोखाडा ही पालघर जिल्ह्यातील डोंगरमाथ्यावरची गावे. मनोरहून विक्रमगड, जव्हार, मोखाडा करत त्र्यंबकेश्वरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६०अ या दोन्ही गावांना जोडतो. नाशिककडचा भाजीपाला, तारापूर-बोईसरच्या कारखान्यांचा माल, खडी, विटा, सिमेंट, सुके गवत आणि उन्हाळ्यात पाड्यांवर न्यायचे पाणी चाकांवरूनच फिरते. ती चाके फिरवणारे काही हात याच भागातले आहेत. खेप संपली की चालक घरी येतो आणि गाडीही सोबत आणतो. मग सहा किंवा दहा चाकांचा ट्रक रात्रभर गल्लीत, दारापुढे उभा राहतो.

या प्रथेवर दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याचा तो हक्क आहे आणि हा पोटाचा प्रश्न असल्याने त्यात कोणी बोट घालू नये. दुसरे मत असे की, ट्रकला वस्तीत पाऊलच ठेवू देऊ नये, दिसला की दंड करावा. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. गाडी वस्तीबाहेर राहिली पाहिजे, चालक मात्र आपल्या घरी झोपला पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र साधण्याचा खर्च चालकाने किंवा गल्लीने न सोसता गाडीच्या मालकाने सोसला पाहिजे, हा येथील सिद्धान्त आहे.

प्रथम पहिल्या मताची तपासणी. त्याचा मुख्य आधार म्हणजे ‘दारापुढची जागा आमची’ ही समजूत. घराची हद्द उंबऱ्याशी, फार तर अंगणाशी संपते; पुढचा रस्ता सार्वजनिक असतो. घरमालकाला त्या रस्त्यावरून जाण्या-येण्याचा जेवढा हक्क आहे, तेवढाच गल्लीतल्या शेवटच्या घरातील म्हातारीलाही आहे. शिवाय बहुतेक वेळा दारात उभा असलेला ट्रक चालकाच्या मालकीचा नसतो, तो शेठचा असतो. म्हणजे ‘माझ्या दारात माझी गाडी’ हे म्हणणे दोन्ही अंगांनी लंगडे पडते, कारण दारापुढची जागा गावाची आहे आणि गाडी दुसऱ्याची.

दुसरा आधार असा की, रात्री रस्ता रिकामाच असतो, मग त्रास कोणाला? मापे पाहिली की याचे उत्तर मिळते. मालवाहू ट्रकची रुंदी सुमारे अडीच मीटर असते. साडेचार मीटरच्या गल्लीत तो उभा राहिला की दोन मीटर उरतात आणि आरसे धरून रुग्णवाहिका तेवढ्यात बसत नाही. जव्हारची नगरपरिषद १९१८ सालची; जुन्या गावठाणातील गल्ल्या संस्थानी काळात, बैलगाडी आणि घोडा यांच्या मापाने पडलेल्या आहेत. अडलेल्या बाळंतिणीला किंवा साप चावलेल्याला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचे असते तेव्हा आधीच घाटवळणांत बराच वेळ गेलेला असतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे, पण गल्लीच्या तोंडाशी ती अडली तर उरलेले अंतर रुग्णाला झोळीतूनच काढावे लागते. अग्निशमनाच्या गाडीला तर रुग्णवाहिकेहून मोठी वाट लागते.

रस्त्याचे नुकसान हा भाग तितकासा डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचण्यांतून असा ठोकताळा निघाला की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. एक टनाच्या आसाशी तुलना केली तर तीन टनांचा आस सुमारे ८१ पट आणि दहा टनांचा आस सुमारे १०,००० पट झीज करतो. त्यामुळे रिकामा ट्रकसुद्धा गल्लीला हलका नसतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने भारमर्यादा वाढवल्यानंतर दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १८.५ टनांपर्यंत आणि तीन आसांच्या ट्रकचे २८.५ टनांपर्यंत गेले. गल्लीतले डांबर किंवा काँक्रीट, त्याखालून गेलेली नळाची वाहिनी आणि गटारावरचा ढापा यांपैकी काहीही या वजनासाठी घातलेले नसते. जव्हार-मोखाड्याच्या पावसात कडेची माती भिजून मऊ होते आणि उभ्या गाडीचे चाक तीच कड दाबून खचवते. दुरुस्तीचा खर्च पुढे नगरपरिषद किंवा नगरपंचायत करते, म्हणजे तो सगळ्यांच्या पट्टीतून जातो.

पहाटेचा त्रास यंत्राच्या रचनेतून येतो. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. रात्रभरात टाकीतली हवा उतरलेली असली तर ती पुन्हा भरेपर्यंत गाडी हलवणे धोक्याचे असते, म्हणून चालक इंजिन सुरू करून काही मिनिटे थांबतो. यात त्याचा हलगर्जीपणा नसतो, उलट ती त्याची दक्षताच असते. पण त्या मिनिटांत डिझेलचा धूर आणि घरघर समोरच्या खिडकीतून आत जाते. उताराच्या गल्लीत गाडी घसरू नये म्हणून चाकाखाली दगड लावतात. गाडी निघते आणि दगड रस्त्यातच राहतो, त्यावर अंधारात एखाद्या दुचाकीचे चाक चढते. त्यातच केबिन उंच असल्याने बंपरच्या अगदी पुढे किंवा गाडीच्या मागे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. ज्या गल्लीत मुले खेळतात तेथे मागे येणारा ट्रक हा सर्वांत मोठा धोका असतो, मग चालक कितीही जुना आणि जपून चालवणारा असो.

गल्लीचा उपयोग केवळ जाण्या-येण्यापुरता नसतो. तेथे वाळवण पडते, लग्नाचा मांडव उभा राहतो, मयताला खांदा देऊन तेथूनच निघावे लागते. जव्हार-मोखाड्याच्या भागात बोहाड्याच्या रात्री देवदेवतांचे मुखवटे घेतलेली सोंगे वाद्यांच्या तालावर लोकांमधून नाचत जातात. रस्ता हे सगळ्या वस्तीचे सामाईक अंगण आहे आणि ते एका व्यवसायाच्या वाहनाखाली कायमचे अडकवणे अन्याय्य आहे.

पहिल्या मतातील तिसरा मुद्दा मात्र खरा आहे, तो झटकून चालणार नाही. गाडी नजरेआड राहिली तर डिझेल, बॅटरी, स्टेपनी, ताडपत्री चोरीला जाण्याची भीती असते आणि नुकसानीची भरपाई बऱ्याचदा चालकाच्याच पगारातून कापली जाईल अशी धास्ती असते. शिवाय चालक रात्री-अपरात्री पोचतो आणि पहाटे निघतो. त्या वेळी नाक्यावरून घरी जायला वाहन मिळत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांवरून निष्कर्ष निघतो तो राखणदार असलेल्या, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या जागेचा. गल्ली अडवण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

आता दुसऱ्या मताकडे वळता येईल. केवळ मनाई आणि दंड यांनी प्रश्न सुटेल, असे हे मत मानते. कायद्याचे बळ पुरेसे आहे यात शंका नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२२ धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्यास मनाई करते. कलम १२७ असे वाहन उचलून नेण्याचा अधिकार देते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ खालील सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपयांपर्यंत आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २८५ सार्वजनिक वाट अडवणाऱ्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगते. तरीही दंडाने ट्रक नाहीसा होत नाही, तो फक्त सरकतो. आज या गल्लीतून हटवला की उद्या पुढच्या गल्लीत उभा राहतो, तेथूनही हाकलला की महामार्गाच्या साइडपट्टीवर.

साइडपट्टीवरचा ट्रक गल्लीतल्या ट्रकपेक्षा जास्त जीवघेणा ठरू शकतो. पावसाळ्यात जव्हारच्या आणि तोरंगणच्या घाटात धुके उतरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद गेले तर ३३ मीटर अंतर संपलेले असते आणि ब्रेक लागायला तेथून सुरुवात होते. मागचा दिवा बंद, परावर्तक पट्टी चिखलाने माखलेली असा ट्रक त्या अंतरात उभा असेल तर काय होईल, हे सांगायला नको. जागा न देता केलेली मनाई गल्लीतला धोका उचलून घाटात नेऊन ठेवते.

या मतातील दुसरी चूक माणसाविषयीची आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी बाहेर पडतात. मुलांची शाळा सुटते, म्हातारी माणसे मागे राहतात. अशा भागात गाडी चालवून चार-आठ दिवसांनी का होईना स्वतःच्या घरी परतणारा माणूस कुटुंबाला धरून ठेवतो. त्याला गाडीपाशी बांधून केबिनमध्ये झोपायला लावणे म्हणजे ती मिळकत ठेवून संसार काढून घेणे होय. शिवाय अर्धवट झोपेत घाट उतरणारा चालक सगळ्यांनाच धोकादायक असतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकांच्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि रात्रीच्या मुक्कामाच्या ठिकाणी विश्रांतीची सोय करणे मालकावर टाकले. चालकाची विश्रांती हा धंद्याचाच खर्च आहे, हे तत्त्व साठ वर्षांपूर्वीच मान्य झालेले आहे.

दोन्ही मतांतून निसटतो तो गाडीचा मालक. रहिवासी चालकावर चिडतात, चालक रहिवाशांना उत्तर देतो आणि ज्याच्या मालमत्तेला फुकट जागा मिळते तो या भांडणात कोठेच नसतो. दुकानदार गोदामाचे भाडे देतो, शेतकरी बैलासाठी गोठा बांधतो. मग ट्रकच्या मुक्कामाची जागाही धंद्याच्या हिशेबात धरली पाहिजे. ब्रिटनमध्ये हे तत्त्व कायद्यात आहे. १९६८ च्या वाहतूक कायद्याने तेथे मालवाहतूकदारांसाठी परवाना आला. साडेतीन टनांवरची वाहने चालवणाऱ्याला ती नेहमी कोठे उभी राहतील ती जागा परवान्यात दाखवावी लागते आणि त्या जागेमुळे त्रास होणारे शेजारी हरकत घेऊ शकतात.

महाराष्ट्रातही उभ्या ट्रकच्या जागेचा विचार झालेला आहे, पण तो मोठ्या शहरांपुरता. मुंबईत वडाळ्याला, नाशिकला आडगावला ट्रक टर्मिनस आहेत, पिंपरी-चिंचवडमध्ये निगडीला वाहतूकनगरी आहे. जव्हार-मोखाड्याएवढ्या गावाला असा पसारा नको. पंधरा-वीस गाड्या मावतील असे सपाट, मुरूम दाबलेले मैदान, दोन-चार दिवे, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, सांडलेले तेल ओढ्यात जाणार नाही असा चर आणि रात्रीचा एक राखणदार एवढे पुरेसे आहे. जागा महामार्गालगत, पण त्यापासून आत हवी, म्हणजे गाडी वळताना मागची वाहतूक अडणार नाही. आणि वस्तीपासून दहा-पंधरा मिनिटांच्या पायवाटेवर हवी, म्हणजे चालकाला घर गाठता येईल.

हे ठरवण्याचा अधिकार आजही कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने कोठे आणि किती वेळ उभी राहतील हे ठरवू शकते. म्हणून जव्हारच्या नगरपरिषदेने आणि मोखाड्याच्या नगरपंचायतीने मागणीचा ठराव करणे ही पहिली पायरी आहे. मालकांनी स्वतःच जागा विकत घ्यावी, असे म्हणणे या तालुक्यांत सोपे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे पूर्वपरवानगीशिवाय जाऊ शकत नाही, आणि ते संरक्षण अबाधितच राहिले पाहिजे. म्हणून जागा सार्वजनिक असावी आणि मालकांनी तिचे भाडे द्यावे. खोडाळ्यासारख्या गावांत सामाईक जमिनीचा निर्णय ग्रामसभेने घ्यावा.

यावर आक्षेप येईल की, भाडे शेवटी चालकाच्याच भत्त्यातून कापले जाईल. तसे होऊ नये म्हणून पावती गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावे फाडावी आणि भाडे महिन्याचे, आगाऊ घ्यावे. वाळू, खडी आणि पाणी वाहून नेण्याची सरकारी कंत्राटे देताना मुक्कामाच्या जागेची पावती जोडण्याची अट घातली तर वसुली आणखी सोपी होईल. स्वतःच्या गाडीवर स्वतःच चालक असलेल्या माणसाला सवलत द्यावी.

नियमाला अपवादही हवेत. घरसामान किंवा धान्य उतरवण्यापुरता थांबलेला ट्रक, बंद पडलेली गाडी, स्वतःच्या खळ्यात किंवा अंगणात रस्ता न अडवता उभी केलेली गाडी यांना मनाई नको. पिकअप आणि छोटा हत्ती यांची मापे वेगळी, म्हणून त्यांचा नियमही वेगळा असावा. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, तरी उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरकडे डोळे लावून बसतात. अशा टँकरला पाणी भरण्याच्या ठिकाणाजवळ हंगामी जागा द्यावी. याउलट इंधनाचा किंवा गॅस सिलिंडरचा भरलेला ट्रक वस्तीत एक रात्रही उभा राहू नये.

अंमलबजावणीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी जागा, मग दिवे आणि राखणदार, त्यानंतर गावात दवंडी आणि फलक, त्यानंतर काही आठवड्यांची मुदत आणि सर्वांत शेवटी दंड. हा क्रम उलटला तर चालक भरडला जाईल आणि ट्रक घाटात उभे राहतील. तो पाळला तर चालक मैदानात गाडी लावून, राखणदाराला सांगून पायी घरी जाईल, आणि रात्री रुग्णवाहिका आली तर ती गल्लीच्या शेवटच्या दारापर्यंत पोचेल.