पडद्याच्या अलीकडची परिचारिका

'ई-संजीवनी' या दूरवैद्यक सेवेने दहा कोटी रुग्णांना सल्ला दिल्याचे केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठ्या अभिमानाने जाहीर केले. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने घडविलेली ही व्यवस्था नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोयही तिला जोडली गेली. सार्वजनिक संस्थेने, सार्वजनिक पैशाने, रुग्णाकडून एक पैसाही न घेता चालविलेली ही सेवा आहे. खासगी रुग्णालयांच्या सावलीत वाढलेल्या आपल्या आरोग्यव्यवस्थेत ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

परंतु दहा कोटी हा आकडा कशाचा, हा प्रश्न त्यानंतर विचारावा लागतो. तो पडद्यावर दिसलेल्या डॉक्टरांनी दिलेल्या सल्ल्यांचा आकडा आहे. यांतील बहुतांश सल्ले रुग्णाने घरी बसून घेतलेले नाहीत. ते उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, दुसऱ्या एका माणसाच्या मदतीने घेतले गेले. हे दुसरे माणूस म्हणजे सामान्यतः समुदाय आरोग्य अधिकारी. बहुतेक राज्यांत ती सहा महिन्यांचे जादा शिक्षण घेतलेली परिचारिका असते, तर महाराष्ट्रात या जागांवर आयुर्वेद पदवीधरही मोठ्या संख्येने आहेत. पदनामात 'अधिकारी' हा शब्द असला, तरी अधिकार किती हे पुढे पाहूच. गावकरी तिला सिस्टरच म्हणतात. दहा कोटी सल्ल्यांच्या हिशेबात या सिस्टरचा रकाना नाही.

व्हिडिओवरील सल्ला प्रत्यक्षात कसा पार पडतो, हे नीट पाहण्यासारखे आहे. डॉक्टरांना चेहरा दिसतो आणि आवाज ऐकू येतो. तोही जोडणी टिकली तर. बाकी सारे त्यांना सांगावे लागते. गरोदर बाईच्या पायांवर सूज आहे का, हे पडद्यावरून कळत नाही. त्यासाठी नडगीवर अंगठा दाबून धरावा लागतो आणि उचलल्यावर खड्डा राहतो का ते पाहावे लागते. रक्तक्षयाचा संशय असेल तर खालची पापणी उघडून पाहावी लागते, आणि उपकेंद्रातील पिवळट दिव्याखाली कॅमेरा जो रंग दाखवितो तो खरा मानता येत नाही. खोकणाऱ्या तान्ह्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून अधिक असेल तर न्यूमोनियाचा धोका मानला जातो. मूल रडत असताना ही मोजणी करता येत नाही. आधी त्याला शांत करावे लागते. ते शांत करण्याचे काम कोणत्याही यंत्रप्रणालीत नोंदले जात नाही. पोट कोठे कडक लागते, कातडी किती तापली आहे, जखमेला वास येतो का, हे सारे परिचारिकेच्या हाताने, बोटांनी आणि नाकाने जाणायचे, आणि मग मोजक्या शब्दांत डॉक्टरांपुढे मांडायचे. डॉक्टरांचे निदान तिच्या या निरीक्षणाइतकेच खरे ठरते.

याखेरीज भाषेचा प्रश्न आहे. नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातील बाई पावरी बोलते, मेळघाटातील कोरकू, भामरागडमधील माडिया. पडद्यावरचे डॉक्टर मराठी किंवा हिंदी बोलतात, आणि त्यातही 'त्रास केव्हापासून' या प्रश्नाचे उत्तर डोंगरातल्या माणसाकडून तारखेत मिळत नाही. ते पेरणीपासून, बाजाराच्या दिवसापासून, अमुक लग्नापासून असे मिळते. सिस्टर स्वतःही पुष्कळदा परजिल्ह्यातून आलेली असते. मग आशा कार्यकर्तीला हाक मारली जाते. म्हणजे ज्याला एका डॉक्टरचा सल्ला म्हणून मोजले, त्यात रुग्णासह चार माणसे गुंतलेली असतात, आणि त्यांपैकी दोघींचे श्रम अदृश्य असतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक जुनी ओळखीची गोष्ट दिसेल. यंत्र आले की श्रम वाचतात असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ते अनेकदा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकतात. दूरसल्ल्यामुळे शहरातील डॉक्टरांचा प्रवास वाचला. रुग्णाचे एस.टी.चे भाडे आणि बुडणारा रोज वाचला. हा दुसरा लाभ फार मोलाचा आहे. धडगावहून नंदुरबार गाठणाऱ्या मजुराला त्याची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र माहिती भरणे, संमती घेणे, तपासणी करणे, तुटलेली जोडणी पुन्हा मिळविणे, औषध देणे आणि ते कसे घ्यायचे हे तीनदा समजावणे हे सारे काम परिचारिकेच्या दिवसात नव्याने आले. तिची जुनी कामे, म्हणजे लसीकरण, गरोदर मातांची नोंद, रक्तदाब व मधुमेहाची तपासणी, यांतले काही कमी झाले नाही. सल्ल्याचा दर्जा मोजणे अवघड आणि संख्या मोजणे सोपे असल्याने वरचे कार्यालय संख्या मागते. जेथे दिवसाला अमुक इतके सल्ले झालेच पाहिजेत असे उद्दिष्ट लावले जाते आणि मानधनाचा काही भाग कामाच्या आकड्यांशी बांधला जातो, तेथे साधी सर्दीही पडद्यापुढे बसविली जाणार. त्यासाठी सिस्टरला अप्रामाणिक ठरविणे सोपे आहे, पण ही रीत तिने घातलेली नाही.

शिवाय सल्ल्याच्या शेवटी चिठ्ठी येते, तेव्हा चिठ्ठीतले औषध कपाटात असावे लागते. आरोग्यवर्धिनी उपकेंद्रांसाठी, ज्यांचे नाव २०२३ साली 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे झाले, १०५ औषधांची यादी ठरविलेली आहे. यादी भिंतीवर आणि कपाट रिकामे अशी स्थिती असेल, तर मोफत सल्ल्याची परिणती खासगी दुकानातील बिलात होते.

या देशाला परिचारिकेचे मोल कळले नव्हते असे मात्र नाही. भोर समितीने १९४६ साली आपल्या अहवालात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदविले होते, आणि हे प्रमाण पाचशे लोकांमागे एक इथवर नेण्याचे लक्ष्य सुचविले होते. महाराष्ट्राने तर त्याहून पुढचे धडे घालून दिले. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर, दलित स्त्रियांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी देऊन दाखविली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी शुश्रूषा शिकविली, आणि नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मधून जगापुढे आले. या स्त्रियांपाशी पडदा नव्हता. त्यांच्यापाशी प्रशिक्षण होते, पाठीशी उभा राहणारा डॉक्टर होता, आणि जागच्या जागी निर्णय घेण्याची मुभा होती. याच क्रमात पडदा आला असता तर सोन्याला सुगंध आला असता. सिकलसेलच्या रुग्णाला वर्षानुवर्षे औषध आणि देखरेख लागते. अशा रुग्णाला दरमहा जिल्ह्याच्या ठिकाणी ओढून नेण्यापेक्षा उपकेंद्रातूनच तज्ज्ञाशी गाठ घालून देणे हा व्हिडिओचा उत्तम उपयोग होय. केरळने २००८ साली परिहारक उपचारांचे धोरण स्वीकारून परिचारिकेला अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी पाठविले. अशा भेटीत तिच्या हातातील दूरध्वनीवर डॉक्टर असणे हा तिला आधारच आहे.

धोका आहे तो क्रम उलटण्याचा. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, वैद्यकतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांची तूट सुमारे ८० टक्के होती. पडदा ही तूट झाकतो. ती भरून काढत नाही. अडलेल्या बाळंतिणीचे सिझेरियन व्हिडिओवरून होत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते, आणि २०२१-२२ चा प्रत्यक्ष आकडा १.८४ टक्के होता. टॅब्लेट आणि कॅमेरा यांचा खर्च एकदा करून भागतो. पगार दरमहा द्यावा लागतो. अर्थखात्याला यांतला कोणता खर्च आवडेल, हे सांगायला नको.

अधिकाराचा प्रश्न तितकाच निकडीचा आहे. २५ मार्च २०२० रोजी निघालेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचनांत परिचारिकेचा 'आरोग्य कार्यकर्ता' म्हणून उल्लेख आहे. रुग्णाची माहिती डॉक्टरांपुढे मांडणे, सांगितलेले अमलात आणणे, संकटकाळी प्रथमोपचार करून रुग्णाला पुढे पाठविणे, एवढीच तिची भूमिका. त्या सूचना डॉक्टरांच्या व्यवसायासाठी लिहिल्या गेल्या, म्हणून हे स्वाभाविक मानता येईल. परंतु २०२३ साली १९४७ चा परिचर्या परिषद कायदा बाजूला सारून राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला. दूरसल्ल्यातील परिचारिकेचे स्थान, तिच्या निरीक्षणाची तिच्या नावाने नोंद, डॉक्टरांचे मत तिला पटले नाही तर रुग्णाला पुढे पाठविण्याचा तिचा हक्क, आणि काही चुकले तर जबाबदारीची वाटणी, हे सारे आता परिचर्येच्या बाजूने लिहिले गेले पाहिजे. तान्ह्या मुलाची छाती श्वासागणिक आत ओढली जाताना जी पाहते, तिला पडद्यावरच्या परवानगीसाठी थांबायला लावणे हा त्या मुलाच्या जिवाशी खेळ आहे.

आणि ही परिचारिका स्वतः कंत्राटी आहे. महाराष्ट्रातील राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सेवेत कायम होण्यासाठी २०२३ साली आणि पुन्हा २०२५ साली संपावर जावे लागले. संपाच्या दिवसांत उपकेंद्रांना कुलूप लागले, तेव्हा शहरातील डॉक्टर पडद्यावर हजर असूनही त्याचा उपयोग नव्हता, कारण अलीकडच्या बाजूला यंत्र सुरू करणारे आणि रुग्णाचा हात धरणारे कोणी नव्हते. सरकारने कंत्राटी सेवेची वर्षे मोजून त्यांना टप्प्याटप्प्याने कायम करावे, प्रत्येक आदिवासी तालुक्यात स्थानिक भाषा जाणणाऱ्या मुलींसाठी परिचर्या शिक्षणाच्या राखीव जागा काढाव्यात, सल्ल्यांच्या संख्येवरील उद्दिष्टे तातडीने रद्द करावीत, आणि पुढचा दहा कोटींचा आकडा जाहीर करताना त्याशेजारी त्या काळात भरलेल्या परिचारिकांच्या पदांचा आकडाही छापावा.