समितीची नावं गुपित, तक्रारदाराचं नाव मात्र गावभर

डही (जि. धार) : समजा, डहीसारख्या तहसिलीच्या गावातली एक मुलगी कॉलेजात शिकतेय. एखाद्या प्राध्यापकाच्या नाहीतर सिनियर पोराच्या त्रासाला कंटाळून ती एक दिवस अर्ज लिहिते. अर्ज द्यायचा कुणाकडे, हे तिला ठाऊक नाही. म्हणून ती सरळ ऑफिसात जाते. बाबू अर्ज वाचतो, आवक रजिस्टरमध्ये तिचं नाव, वर्ग आणि ‘विषय’ लिहितो, शिक्का मारतो. शिपाई झेरॉक्स काढायला समोरच्या दुकानात जातो. संध्याकाळी बसस्टँडवर चर्चा सुरू झालेली असते आणि रात्री मुलीच्या काकाचा घरी फोन येतो. समितीची पहिली बैठक मात्र अजून व्हायचीच असते.

यात कुणी मुद्दाम काही फोडलेलं नाही. रोजच्या टपालासारखी तक्रार आली आणि रोजच्या टपालासारखीच फिरली. लहान गावातल्या मुली तक्रार का करत नाहीत, याचं अर्धं उत्तर या फाईलच्या वाटेत आहे. कायदा काय म्हणतो? तो याच्या बरोबर उलटं सांगतो. समिती सगळ्यांना माहीत हवी आणि तक्रारदार कुणालाच माहीत नको. प्रत्यक्षात समितीत कोण आहे हे विचारलं तर कुणाला सांगता येत नाही, आणि तक्रार कुणी केली हे कॅन्टीनवाल्यालाही माहीत असतं.

कायद्यात काय आहे?

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. कॉलेजं आणि विद्यापीठंही त्यात येतात. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाची म्हणजे यूजीसीची २०१५ ची नियमावली खास उच्च शिक्षणासाठी आहे, आणि ती विद्यार्थिनींनाही लागू होते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यायचा, असा क्रम ठरलेला आहे. लिहिता येत नसेल तर अर्ज लिहायला मदत करणं हे समितीचं कामच आहे. घरात भिली किंवा निमाडी बोलणाऱ्या आणि सरकारी हिंदीत अर्ज लिहायला बिचकणाऱ्या मुलींसाठी ही तरतूद फार कामाची आहे.

गोपनीयतेचा मुद्दा या कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. तक्रारीतला मजकूर, तक्रारदार महिलेची ओळख आणि पत्ता, ज्याच्यावर आरोप आहे त्याची आणि साक्षीदारांची ओळख, समितीची शिफारस, यातलं काहीही जाहीर करता येत नाही. माहितीच्या अधिकारात मागितलं तरी नाही, कारण कलमाची सुरुवातच ‘माहिती अधिकार कायद्यात काहीही असलं तरी’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते.

पण त्याच कलमात एक वाट मोकळी ठेवली आहे, तिच्याकडे कॉलेजं सहसा बघत नाहीत. नाव, पत्ता किंवा ओळख पटेल असा तपशील न देता ‘न्याय मिळाला’ एवढं सांगता येतं. शिवाय वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे वार्षिक अहवालात द्यावंच लागतं. म्हणजे गुप्त ठेवायचं ते माणूस, कारवाई नव्हे. ‘प्रकरण गोपनीय आहे’ असं म्हणून फाईलच दाबून टाकणाऱ्यांना या कलमाचा आधार घेता येणार नाही.

आणखी एक बारकावा. बलात्कार पीडितेचं नाव छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, हे पत्रकारांना पाठ असतं. पण लैंगिक छळाचं कलम ७५ त्या यादीत नाही. त्यामुळे कॉलेजातल्या छळाच्या तक्रारीत मुलीच्या नावाला मुख्य आधार उरतो तो २०१३ च्या कायद्यातल्या कलम १६ चाच.

नाव नसलं तरी ओळख पटते

इंदौरसारख्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठात ‘बीएस्सी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी’ म्हटलं तर शेकडो मुली असतात. लहान कॉलेजात त्या वर्गात दहा-बारा मुली असतील, आणि ‘होस्टेलवर राहणारी, अमुक फळ्याची’ एवढं जोडलं की एकच उरते. गावाचं नाव, फळ्याचं नाव, बापाचा धंदा, शिष्यवृत्तीचा प्रकार, ज्या बसनं ती येते ती बस, यातलं काहीही नावाइतकंच बोलतं. म्हणून नाव खोडून बाकी कागद तसाच फिरवला, तर काही झाकलं असं होत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २४ सप्टेंबर २०२१ रोजी अशाच एका प्रकरणात काम कसं चालवायचं ते ठरवून दिलं होतं. त्यात पक्षकारांची नावं काढून अक्षरं वापरायला तर सांगितलंच, शिवाय ईमेल, मोबाईल नंबर, पत्ता असा ओळख पटवणारा कुठलाही तपशील आदेशात येऊ नये, असंही बजावलं. उच्च न्यायालयाला एवढी काळजी घ्यावीशी वाटते, तर वीस माणसांच्या स्टाफरूमला किती घ्यावी लागेल?

गंमत अशी की कायद्याचे नियमच कागद वाढवतात. २०१३ च्या नियमांप्रमाणे तक्रार सहा प्रतींत द्यायची, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्तेही. सहा प्रती म्हणजे सहा पाकिटं, सहा कपाटं आणि मधले सगळे हात. यूजीसीच्या नियमावलीनुसार प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. हेतू चांगला आहे, मुलींना आपलं माणूस वाटावं हा. पण लहान कॉलेजात तो प्रतिनिधी आरोपीच्या गावचा, नात्यातला किंवा त्याच्याच ग्रुपमधला निघू शकतो. अशा वेळी त्या सदस्याला त्या प्रकरणापुरतं बाजूला ठेवणं आणि तसं लिहून ठेवणं, एवढं तरी व्हायला हवं.

आरोपीपासून काय लपवायचं?

इथे बरेच जण गोंधळतात. गोपनीय म्हणजे आरोपीलाही काही दाखवायचं नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत शेवटी तक्रारदारांनाच मोजावी लागते. तक्रारीची प्रत सात दिवसांत आरोपीला द्यावी लागते. त्याला उत्तर द्यायची आणि साक्षींवर आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. निनावी अर्जावर रीतसर चौकशी उभी राहत नाही ती यामुळेच.

गोवा विद्यापीठाचं प्रकरण याचा धडा आहे. २००९ मध्ये तिथल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समितीनं चौकशी केली, अहवाल दिला आणि विभागप्रमुखाला बडतर्फ करण्यात आलं. मुंबई उच्च न्यायालयातही ती कारवाई टिकली. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बोपण्णा आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांच्या खंडपीठानं ती रद्द केली. आरोप खोटे ठरले म्हणून नव्हे. चौकशी इतक्या घाईत उरकली की बाजू मांडायची पुरेशी संधीच मिळाली नाही, म्हणून. चौकशी मधल्या टप्प्यापासून पुन्हा करा, असं सांगून प्रकरण समितीकडे परत पाठवलं. मधे १४ वर्षं गेली होती.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तक्रारदाराचं संरक्षण म्हणजे आरोपीपासून पुरावा लपवणं नव्हे, तर ज्यांचा प्रकरणाशी संबंध नाही अशा सगळ्यांपासून तो दूर ठेवणं. दोन, २००९ चे जबाब २०२३ मध्येही लागतात. म्हणजे फाईल वर्षानुवर्षं टिकली पाहिजे, आणि तेवढीच वर्षं ती बंदही राहिली पाहिजे. प्राचार्य बदलतात, बाबू बदलतो, कॉम्प्युटर बदलतो. कपाटाची चावी कुणाकडे आहे, हे लिहून ठेवलेलं नसेल तर पुढच्या माणसाला काय सापडेल आणि काय नाही, याचा भरवसा नाही.

त्याच निकालात न्यायालयानं देशभरासाठी सूचनाही दिल्या. समितीच्या सदस्यांची नावं, फोन, ईमेल आणि ऑनलाईन तक्रार देण्याची पद्धत संस्थेच्या वेबसाईटवर टाका आणि वेळोवेळी अद्ययावत ठेवा, असं त्यात आहे. म्हणजे उघडं काय हवं, हेही न्यायालयानं सांगून ठेवलंय.

नुसता नंबरही पुरतो

कागदावरच्या मोबाईल नंबरनं काय होतं, हे मध्य प्रदेशानं मे २०२४ मध्ये पाहिलं. सीधी जिल्ह्यात आवाज बदलणारं ॲप वापरून, बाई शिक्षिका असल्याचं भासवून आदिवासी विद्यार्थिनींना फोन केले गेले. शिष्यवृत्तीचं निमित्त सांगून त्यांना एकांतात बोलावलं आणि त्यांच्यावर अत्याचार झाले. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्या मुलींनी कुठली तक्रार दिली नव्हती. पण कुठली मुलगी शिष्यवृत्तीची वाट बघतेय आणि तिचा नंबर काय, एवढी माहिती चुकीच्या हातात पडली तर काय होऊ शकतं, हे त्यातून कळतं. मग छळाची तक्रार दिलेल्या मुलीचा नंबर, पत्ता आणि घरच्यांची नावं असलेल्या अर्जाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला तर?

दंड पाच हजार की कोटींत?

कलम १६ मोडलं तर नियमांप्रमाणे दंड आहे पाच हजार रुपये. त्यानं कुणाला धाक बसत असेल असं वाटत नाही. दुसरीकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. पण हा कायदा डिजिटल माहितीचा आहे. स्कॅन केलेला अर्ज, ईमेल, गूगल फॉर्म, बाबूच्या फोनमधला फोटो त्यात येतील. टेबलावर उघडं पडलेलं रजिस्टर येणार नाही. आणि लहान कॉलेजात गळती बहुतेक वेळा तिथूनच होते.

एक गोष्ट मात्र मुलीला आधीच खरी सांगायला हवी. ती १८ वर्षांखालची असेल आणि प्रकार लैंगिक गुन्ह्याचा असेल, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अकरावी-बारावीतल्या आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या कितीतरी मुली या वयात असतात. ‘कुणालाच कळणार नाही’ असं वचन तिथे देता येत नाही. कुणाला, काय आणि कधी कळेल, हे बसून समजावून सांगता येतं. खोटं वचन देण्यापेक्षा ते बरं.

तहसिलीत काय करता येईल?

डहीसारख्या आदिवासी विकासखंडासाठी कायद्यात एक खास दार आहे. ग्रामीण आणि आदिवासी भागात प्रत्येक विकासखंडात, तालुक्यात, तहसिलीत जिल्हा अधिकाऱ्यानं एक नोडल अधिकारी नेमायचा असतो. तो तक्रार घेऊन सात दिवसांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पाठवतो. सर्वोच्च न्यायालयानं ३ डिसेंबर २०२४ ला राज्यांना तारखा घालून ही यंत्रणा उभी करायला सांगितलं. पण तहसील कचेरीत मुलगी शिरली की बाहेरच्या टपरीवर लोक बघतातच. म्हणून नोडल अधिकाऱ्याचा फोन नंबर कॉलेजात, होस्टेलात आणि बसस्टँडवर लावलेला असणं जास्त उपयोगाचं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. रॅगिंग असेल तर यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाईन नाव न सांगताही तक्रार घेते.

बाकीच्या गोष्टींना पैसा लागत नाही. तक्रार ऑफिसात न देता थेट समितीच्या अध्यक्षांच्या हातात द्यावी. आवक रजिस्टरात नाव आणि विषय न लिहिता नुसता क्रमांक लिहावा. नाव आणि क्रमांक जुळवणारा कागद एकाच माणसाच्या कुलुपात राहावा. प्रती समितीनंच काढाव्यात, बाहेरच्या दुकानात नाही. जात, पत्ता, वडिलांचा नंबर चौकशीला लागत नसेल तर विचारूच नये. तिला बोलवायचं असेल तर वर्गात शिपाई पाठवू नये. कागद कुणी, कधी पाहिला याची सही घ्यावी.

आणि पहिलं काम सगळ्यात सोपं आहे. ‘आंतरिक शिकायत समिति’ असं लिहिलेला फलक मुलींना दिसेल अशा जागी लावायचा. त्यावर सदस्यांची नावं आणि नंबर लिहायचे, बदली होऊन गेलेल्यांची खोडायची. नवं सत्र सुरू होताना प्रत्येक कॉलेजात हे झालंय की नाही, हे कुणीही फाटकातून आत जाऊन बघू शकतं. त्याला माहिती अधिकाराचा अर्जही लागत नाही.