काडतूस अपडेट झालं, प्रश्न तोच!

एप्रिल २०२४ मधली ती बातमी आठवतेय? बोट्स्वानाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोक्ग्वेत्सी मासिसी जर्मनीला म्हणाले होते, आमचे २० हजार हत्ती पाठवतो, सांभाळून दाखवा! आपण हसलो, मीम फॉरवर्ड केलं आणि पुढे स्क्रोल केलं. पण ते चिडले होते. शिकार केलेल्या प्राण्यांची शिंगं, सुळे, कातडी म्हणजेच ‘ट्रॉफी’ आयात करण्यावर जर्मनी आणखी निर्बंध घालायच्या विचारात होता.

हा वाद समजून घ्यायला एक काडतूस बघू. १९११ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने ‘.४१६ रिग्बी’ बाजारात आणलं. गोळीचं वजन साधारण २६ ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या हिशेबात अडीच तोळ्यांहून जास्त. वेग सेकंदाला सुमारे ७०० मीटर. हत्ती किंवा रानरेडा अंगावर आला तर थांबवायला बनवलेलं हे काडतूस.

त्याची पितळी केस मात्र भलीमोठी. का? तेव्हाची ‘कॉर्डाइट’ दारू उन्हाने तापली की जास्त दाब तयार करायची. दाब वाढला की रिकामी केस चेंबरमध्येच अडकायची भीती. समोर हत्ती आणि रायफल जॅम, विचार करा! म्हणून केस मोठी ठेवून दाब कमी राखला. पण एवढ्या काडतुसाला रायफलही खास, महागडी लागायची.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या रेमिंग्टनने याचा नवा अवतार काढला, ‘.४१६ रेमिंग्टन मॅग्नम’. आधुनिक दारू, लहान केस, दाब जास्त, पण ताकद जवळपास तेवढीच. शिवाय ते कारखान्यात बनणाऱ्या, तुलनेने स्वस्त रायफलमध्ये बसलं. २००८ मध्ये आलेलं ‘.४१६ रुगर’ तर आणखी आखूड. काही अनुभवी शिकारी आजही कमी दाबाच्या जुन्या रिग्बीवरच भरवसा ठेवतात, ते वेगळं.

गंमत बघा, शंभर वर्षांत तंत्र बदललं, ताकद फारशी बदलली नाही. कारण हत्ती तोच आहे. बदललं ते हत्तीभोवतीचं जग. बोट्स्वानाने २०१४ मध्ये शिकारबंदी केली, २०१९ मध्ये उठवली. तिथे अंदाजे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. सरकार म्हणतं, ते शेतं तुडवतात, माणसं मारतात. परदेशी शिकाऱ्यांची फी गावांना मिळू दे. विरोधक विचारतात, पैसा खरंच गावापर्यंत जातो का? आणि मोठ्या सुळ्यांचे नरच वेचून मारले तर कळपाचं काय?

दोन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणूनच ‘शिकारी वाईट’ किंवा ‘गोऱ्यांना काय कळतं’ एवढ्यावर थांबू नका. कोटा कोण ठरवतं, हिशेब उघड आहे का, हे विचारा.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला. मला तो निर्णय योग्यच वाटतो. पण त्याचीही किंमत आहे, आणि ती शहरात राहून रील बघणारे आपण भरत नाही. दोडामार्गात हत्तीने माड आणि केळी आडवी केली की ती तिथला शेतकरी भरतो. त्याला भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळाली नाही, तर आपलं प्राणिप्रेम त्याच्या खिशातून चाललंय असंच म्हणावं लागेल.

तेव्हा बोट्स्वानाला नावं ठेवण्याआधी एक काम करा. हत्ती किंवा बिबट्याच्या नुकसानीची पुढची बातमी वाचाल, तेव्हा प्राण्याचा फोटो बघून थांबू नका. भरपाई किती आणि कधी मिळाली, तेही शोधा. बातमीत ते नसेल, तर आम्हा पत्रकारांना विचारा!