मुळशीत ‘नाही’ म्हणायला कलमच नव्हते

१/ ‘मुळशीचे शेतकरी प्रगतीच्या आड आले’ हे वाक्य शंभर वर्षांनंतरही अनेकांच्या तोंडी असते. त्यात शेतकऱ्यांची उलटतपासणी होते. कायद्याची मात्र कधीच होत नाही.

२/ टाटांच्या वीज कंपनीला नीला-मुळा संगमाजवळ धरण हवे होते. अडवलेले पाणी सह्याद्रीवरून कोकणात भिरा येथे उतरवायचे आणि तेथील वीज मुंबईला न्यायची, ही योजना. कोळशावाचून होणारी ही वीज आजच्या परिभाषेत नवीकरणीयच. तिची किंमत होती पन्नासच्या आसपास गावांची जमीन.

३/ ही जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली गेली. त्याच्या सातव्या भागानुसार खासगी कंपनीसाठीही सक्तीने जमीन घेता येई. काम लोकोपयोगी आहे, अशी सरकारची खात्री पटली की पुरे. लोकांना विचारण्याची अट नव्हती.

४/ मोबदला कमी वाटल्यास शेतकऱ्याला न्यायालयात दाद मागता येई. ‘जमीन घेऊच नका’ ही हरकत ऐकण्याची तरतूद मात्र कायद्यात नव्हती. ती ‘कलम ५-अ’ म्हणून १९२३ साली आली. मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला १९२१ च्या रामनवमीला. ‘त्यांनी सनदशीर मार्ग सोडला’ म्हणणाऱ्यांनी तो मार्ग कोणता होता, ते आधी दाखवावे.

५/ पां. म. बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. पण लढ्यात फूट पडली. जमीनदार-सावकार मोबदल्याकडे वळले. कुळे जमिनीवर अडून राहिली. मोबदल्याने सावकाराचे भांडवल मोकळे होते, कुळाची भाकरी मात्र जाते. १९२४ पर्यंत लढा मोडला. पुढे धरण उभे राहिले.

६/ खासगी कंपनीसाठी भूसंपादन करताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, हे कायद्यात यायला २०१३ साल उजाडले. आज सौर प्रकल्प ही अट सहज ओलांडतात. जमीन संपादन न करता थेट विकत किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने घेतली की ती लागूच होत नाही. वीजनिर्मितीला २००३ च्या कायद्याने परवाना लागत नाही. २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अनुसूचीतही सौर विद्युत प्रकल्प नाहीत.

७/ हवामान बदलामुळे घाई आवश्यक आहे, हा युक्तिवाद खरा आहे. पण घाईचा भार कोणी उचलायचा? भाडे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. त्या रानात राबणारा शेतमजूर आणि तेथे शेळ्या चारणारा मेंढपाळ करारात कोठेच नसतो. १९२१ चे कूळ आज याच रूपात उभे आहे.

८/ म्हणून भाडेपट्ट्याच्या जमिनीवरही जाहीर सुनावणी हवी आणि तीत भूमिहीनांची नोंद हवी. हा स्वच्छ ऊर्जेला विरोध नव्हे. वीज स्वच्छ असली म्हणजे तिच्याखालचा व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही, हे मुळशीने शिकवले आहे. तो धडा पुन्हा जमीन गमावूनच गिरवण्याचे कारण नाही.